सहावं बोट

"बोटं मोजा," जाऊबाई म्हणाल्या, आणि अख्ख्या कमिटीनं माना पुढे काढून बोटं मोजली.

चर्चच्या मागच्या खोलीत लांब टेबल, आठ खुर्च्या आणि भिंतीवर पांढरा पडदा. वधस्तंभावरच्या प्रभूच्या सात वाक्यांवर मी सात चित्रं काढली होती, पडद्यावर त्यातलं तिसरं होतं. वधस्तंभावरून प्रभू आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवतो, त्या क्षणाचं. मी त्यात चेहरे काढलेच नव्हते. नुसते दोन हात. आईचा सुरकुतलेला आणि तो धरणारा शिष्याचा.

"एक, दोन, तीन..." सेक्रेटरी मोठ्यानं मोजत होते. मंडळीत त्यांना सगळे घड्याळवाले म्हणतात, कारण उपदेश लांबला की ते मनगट कानाशी नेऊन घड्याळ बंद पडलंय का ते बघतात. "पाच, सहा. अहो, आईच्या हाताला सहा बोटं आहेत की!"

"मी काय म्हणत होते?" जाऊबाई म्हणाल्या. "माणूस काढेल का असं? हे यंत्राचं काम. त्याला लिहून सांगायचं, मला रडणारी आई काढून दे, की मिनिटात चित्र हजर. हल्ली सगळीकडे तेच चाललंय. फक्त बिचाऱ्याला बोटं मोजता येत नाहीत."

दोघं-तिघं हसले. सहावं बोट म्हणजे शिष्याच्या अंगठ्याचं टोक होतं, आईच्या करंगळीखालून डोकावणारं. त्याची त्वचा वेगळी होती, नख वेगळं होतं. ते नख काढायला माझी एक पूर्ण पहाट गेली होती. मी तसं सांगितलंही. पण माझा आवाज लहान आहे. लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो जात नाही. आणि ज्यांच्यापर्यंत गेला, त्या जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या आणि पडद्याकडे बघत होत्या.

पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले, "बाई, यंत्र वापरलं असेल तर ते पाप आहे असं मी म्हणणार नाही. पण दुःखसहनाच्या शुक्रवारी, गुड फ्रायडेला, लोक या सात चित्रांसमोर बसून प्रार्थना करणार. ती कुणीतरी प्रार्थनेत काढलीत की नाहीत, एवढी मला खात्री हवी. नाहीतर आपण नुसती वचनं दाखवू. काही पुरावा आहे का?"

"आहे," मी म्हटलं. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. "पुढच्या रविवारी आणते."

घरी येताना जाऊबाई माझ्याशेजारी चालत होत्या. "मनावर घेऊ नकोस हं धाकटे. मंडळीच्या कामात नातं बघून चालत नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बरोबर आहे ताई." आणि त्यांची पिशवी माझ्या हातात घेतली, कारण त्यांचा खांदा दुखत होता. त्यांना धुळीत लोळवायचं मी तेव्हाच, त्या पिशवीसकट चालताना ठरवलं.

माझा नेम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी पाचला उठते. कुणाशी बोलत नाही, पाणी पीत नाही. एक स्तोत्र वाचते आणि टॅबलेट मांडीवर घेऊन बसते. हे टॅबलेट यांनी मला नऊ वर्षांपूर्वी दिलं. कोपऱ्याची काच तडकलीय, पण पेन अजून चांगलं चालतं. हे उठून चहा ठेवेपर्यंत मी चित्र काढते. मग दिवसभर चष्म्याच्या दुकानात. डावा डोळा झाका, खालची ओळ वाचा, आता उजवा. लोकांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर माझा चेहरा असतो, आणि इतक्या जवळ आलेल्या माणसाला लोक काय काय सांगून जातात. मंडळीतलीही येतात. सांगून झालं की म्हणतात, "आमच्यासाठी ठेवा हं प्रार्थनेत."

मी ठेवते. कोरा पडदा उघडला की सगळ्यांत आधी, अगदी खालच्या थरावर, त्या माणसासाठीची एक ओळ हातानं लिहिते. मग तिच्यावर चित्र काढत जाते. थरावर थर चढतात, ओळ झाकली जाते आणि शेवटी मी सगळे थर एकत्र दाबून टाकते. मग ती ओळ कुणालाच काढता येत नाही. सात चित्रं, सात माणसं. पाळकसाहेबांचंही एक आहे. ते काय आहे हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या चित्राखाली जाऊबाई होत्या.

त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. कपडे धुण्याचं मशीन दोन्ही घरांत एकच, आमच्या मागच्या खोलीत. गेल्या वर्षी एका दुपारी त्या कपडे घेऊन आल्या, मशीन लावलं, आणि ते पिळायला लागून घरघर सुरू झाल्यावर, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाल्या, "धाकटे, माझा विश्वास गेला गं."

मला वाटलं, कुणा माणसावरचा.

"देवावरचा," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. प्रार्थना करते ती कागदावर लिहून पाठ केलेली असते. बायका आमेन म्हणतात, रडतात. मला काही होत नाही. छताकडे बघून बोलल्यासारखं वाटतं."

त्या महिलामंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्यासारखी प्रार्थना पाळकांनाही जमत नाही, असं लोक म्हणतात. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मी तुमचं नाव चित्राखाली ठेवते." त्या म्हणाल्या, "ठेव. कुणाला दिसणार नाही ना?" मी म्हटलं, "कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी मी क्षमेच्या वाक्याचं चित्र सुरू केलं. खाली लिहिलं: प्रभू, माझ्या जावेला तिचा गेलेला विश्वास परत दे. त्यावर बारा पहाटा मी प्रभूचा चेहरा काढला. इतका चांगला चेहरा माझ्या हातून पुन्हा उतरला नाही.

आणि या बाईनं बोटं मोजायला लावली.

आता त्या पुराव्याबद्दल, म्हणजे फिल्मबद्दल. मी ज्यात चित्रं काढते ते ॲप प्रत्येक रेघ आपोआप साठवतं. नंतर सगळं भरभर चालवून दाखवतं. बारा पहाटा चाळीस सेकंदांत. चित्र कुणी, कसं काढलं, याला याहून पक्का पुरावा नाही. पण फिल्म पहिल्या रेघेपासून सुरू होते. झाकलेलं, पुसलेलं, सगळं तिच्यात असतं.

यांना मी रात्रीच्या जेवणाला एवढंच सांगितलं, की ओळ दिसेल.

"मग सुरुवात कापून टाक," हे म्हणाले.

"कापलेली फिल्म पुरावा म्हणून कोण घेईल? उद्या म्हणतील, कापलेल्या भागातच यंत्र होतं."

"मग ज्यात कुणाचं फारसं काही नाही असं चित्र दाखव."

"प्रत्येकात कुणाचं तरी आहे."

हे म्हणाले, "अगं, पण मग कुणाचं दाखवणार?" आणि मी त्यांच्या ताटात भात वाढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताट घेऊन उठले.

कुणाचं तरी उघडं पडणारच असेल, तर जिनं ही वेळ आणली तिचंच का नको? हा हिशेब मी प्रभूपुढेही मांडला. स्तोत्रांमध्ये अशी काही आहेत, ज्यांत शत्रूचे दात मोडायला सांगितलंय, त्याचं नाव पुसून टाकायला सांगितलंय. ती मला आधी फार अवघड जायची. डोळे मिटून पुढच्या पानावर जायचे. त्या आठवड्यात मी रोज तीच वाचली. सोपी वाटली.

आणि चित्र काढलं नाही. नेम मोडला असं मी म्हणत नाही. बसले रोज, उपाशीपोटी, पाचला. पण बसून फिल्म थांबवायचा सराव केला.

फिल्म चालू असताना काचेवर बोट टेकवलं की ती थांबते, उचललं की पुढे जाते. ओळ लिहिली जाते ती सुरुवातीच्या दोन सेकंदांत. सोमवारी मी बोट टेकवलं तर 'प्रभू'वरच थांबली. मंगळवारी पार 'विश्वास'पर्यंत गेली. मला हवं होतं ते बरोबर मधे: प्रभू, माझ्या जावेला. इथे थांबवायचं. मंडळीला वाचू द्यायचं. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळू द्यायच्या. मनात दहा आकडे मोजायचे. मग बोट उचलायचं, आणि पूर्ण ओळ झाली की पुन्हा टेकवायचं आणि तसंच ठेवायचं, जितका वेळ लागेल तितका. शुक्रवारपर्यंत मला ते डोळे मिटून जमायला लागलं.

बुधवारी जाऊबाई कपडे घेऊन खाली आल्या. त्यांचं आपलं चाललं होतं: सून चांगली नाही निघाली शेजारणीची, जिन्यातला दिवा गेलाय. मी त्यांच्या चादरीच्या घड्या घालत होते, चारही कोपरे जुळवून.

"मग रविवारी काय आणणार आहेस गं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"फिल्म आहे, ताई. चित्र कसं काढलं त्याची."

"अस्सं! अशी पण असते का?"

"पहिल्या रेघेपासून. त्यात सगळं दिसतं. पुसलेलं, झाकलेलं, सगळं."

मशीन तेव्हा पाणी भरून घेत होतं. खोलीत पाण्याचा तेवढा आवाज.

"कुठल्या चित्राची?" त्या म्हणाल्या.

"पहिल्या."

मी घडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि कपडे मशीनमध्ये तसेच सोडून वर गेल्या. ते कपडे मीच वाळत घातले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. चिमटे लावता लावता मी गुणगुणत होते, असं हे नंतर म्हणाले.

गुरुवारी त्या पुन्हा आल्या, या वेळी कपड्यांशिवाय.

"धाकटे, ते बोटांचं मी आपलं चेष्टेनं म्हटलं होतं."

"मग चेष्टा होती असं कमिटीला सांगा ना."

"आता कसं सांगू? लोक काय म्हणतील, अध्यक्ष म्हणून बसते आणि..."

"खरंच, ताई. लोक फार बोलतात."

"तू इतकी कडू कधीपासून झालीस गं?"

"मोजलं नाही," मी म्हटलं.

त्या दारात उभ्या राहिल्या. रडल्या असत्या तर मी विरघळले असते, हे मला माहीत होतं, म्हणून मी भांड्यांकडे तोंड केलं. पण त्या रडल्या नाहीत. "तू मला शब्द दिला होतास," एवढं म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही मला खोटं ठरवलंत."

रविवारी उपासना संपल्यावर मागच्या खोलीत कमिटीच नाही, निम्मी मंडळी जमली. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतींना टेकून उभे. जाऊबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मला वाटलं होतं त्या येणारच नाहीत, डोकं दुखतंय म्हणतील. आल्या. माझा राग त्यानं आणखी वाढला.

घड्याळवाल्यांनी टॅबलेटला पडद्याची वायर जोडली. "किती वेळाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"चाळीस सेकंद."

"देव तुमचं भलं करो," ते म्हणाले. लोक हसले.

पाळकसाहेबांनी मान हलवली. मी फिल्म सुरू केली आणि बोट टेकवलं.

प्रभू, माझ्या जावेला

बरोबर तिथेच. भिंतभर मोठं, माझ्याच वळणदार अक्षरात. मंडळीला माझं अक्षर माहीत आहे. आठवड्याचा फळा मीच लिहिते. माना वळल्या, मी आठवडाभर डोळ्यांपुढे आणल्या होत्या तशाच, एकेक करून. मी मोजायला लागले. एक. दोन. यांच्याकडे पाहिलं नाही. तीन. चार. पाच.

जाऊबाई उठल्या. पर्स खाली पडली.

"पुढचं मी सांगते," त्या म्हणाल्या. "तिनं माझ्यासाठी विश्वास मागितलाय. माझा गेलाय म्हणून. तीन-चार वर्षं झाली, मी तुमच्यापुढे प्रार्थना करते ती पाठ केलेली असते. आत काही नसतं." मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आणि हिला रोज पहाटे तो दिसतो. खालच्या मजल्यावर. मी वर जागी असते, मला माहीत असतं ही आता बसली असेल. मला नाही सहन झालं. म्हणून मी यंत्राचं उठवलं. ती हातानंच काढते. सहावं बोट शिष्याचं आहे, ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं."

आणि मग काय झालं? माझ्या मनात होतं तसं काहीच नाही. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. आधी एक म्हातारी उठली, महिलामंडळातली, आणि म्हणाली, "अगं बाई, माझंही तसंच आहे गं," आणि जाऊबाईंच्या गळ्यात पडली. मग दुसरी. मग खुर्च्या सरकल्या आणि सगळी खोली त्यांच्याभोवती गोळा झाली. पाळकसाहेब डोळे पुसत होते. घड्याळवाले मनगट खाली सोडून उभे होते. जिला मी उघडी पाडायला आणली होती तिला लोक शालीसारखे लपेटून बसले होते, आणि मी टेबलापाशी एकटी, काचेवर बोट टेकवून.

मी बोट उचललं. ओळ पूर्ण झाली, तिच्यावर रेघा आल्या, काटे आले, रंग चढले, बारा पहाटा भिंतीवरून धावत गेल्या आणि चेहरा तयार झाला. कुणीही पाहिलं नाही.

"चित्रांचं काय?" मी म्हटलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही देवाच्या घरात: "माझ्या चित्रांचं काय?"

सगळे वळले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते जाऊबाईंसाठी मी योजलं होतं. अशा वेळीसुद्धा हिला स्वतःच्या चित्रांची पडलीय! "हो हो, लावू ना," पाळकसाहेब घाईनं म्हणाले, "अर्थात लावू," आणि पुन्हा तिकडे वळले.

घरी आल्यावर हे दारापाशी एवढंच म्हणाले, "तू कुठे थांबवलंस ते मी पाहिलं." मी म्हटलं, "मुद्दाम थांबवलं." ते म्हणाले, "तेच तर."

संध्याकाळी जाऊबाई खाली आल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा. हातात काही नव्हतं. मी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि त्याही बसल्या नाहीत.

"मी उठले नसते तर?" त्यांनी विचारलं.

"तर दहापर्यंत मोजून बोट उचललं असतं."

"वाटलंच मला." त्यांनी श्वास सोडला. "मी पण तुझ्या जागी तेच केलं असतं. तुझ्याइतकं बरोबर मला जमलं नसतं."

"ताई, माझा राग गेलेला नाही. उलट वाढलाय. सगळ्यांनी तुम्हाला जवळ घेतलं. माझं म्हणणं कुणी ऐकलंसुद्धा नाही."

"ऐकलं की. ओरडलीस केवढ्यांदा!" त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्या गंभीर झाल्या. "माझं नाव अजून ठेवतेस का गं खाली?"

"नवं चित्र सुरूच केलेलं नाही. आठवडाभर मी तुमचंच एक काम करत होते."

"उद्या सुरू कर. मला ठेव."

"मी रागानं लिहीन."

"रागानंच लिही," त्या म्हणाल्या. "निदान तुझा राग त्याच्याशी बोलतो तरी. मला तेवढंही येत नाही."

मी म्हटलं, "किती दिवस ठेवायचं?"

"ते तू आणि तो बघून घ्या," असं म्हणून त्या जिना चढायला लागल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी. वरच्या वळणावर पोचेपर्यंत मी बघत राहिले. मग दार लावलं, जरा जोरातच.